चित्रांतून विचारपूस

माणूस बोलतो. त्याला काय हवे, काय नको, ते तो तोंडाने सांगतो. भूक लागली की जेवायला मागतो. दुखले की सांगतो. राग आला तर चार शब्द सुनावतो. बोलणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते गेले तर काय होईल, हे आपल्या मनातही येत नाही.

पण कधी कधी ते जाते. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो तो मुका होऊनच.

आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." कोणी लकवा म्हणतात. पुस्तकात अर्धांगवायू किंवा पक्षाघात असा शब्द असतो. नावात वारा असला तरी वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. एखाद्या नळीत रक्ताची गुठळी अडकते, नाहीतर नळी फुटते. मग मेंदूच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग शरीराचे जे काम चालवीत होता ते काम बंद पडते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ अडखळू लागली, तर त्याच घटकेला माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध निघाले आहे. पण ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही डोक्याचा फोटो काढून पाहिल्यावर. अंगारा, तेल, कबुतराचे रक्त यांत हा वेळ घालवू नये.

हा धडा मात्र त्या पहिल्या दिवसाचा नाही. जीव वाचला, माणूस घरी आला, बाजेवर बसता झाला, त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

वाचा गेली, माणूस आहे

बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालते. आणि गंमत अशी, की मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. म्हणून उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला की पुष्कळदा त्याच्याबरोबर बोलणेही जाते. याला वाचाघात म्हणतात. जीभ जागेवर असते. गळ्यात आवाज असतो. पण शब्द हाताला लागत नाही. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, तसे आपलेही कधी होते ना? वाचाघातात प्रत्येक शब्दाचे तसे होते.

१८६१ साली पॅरिस शहरात पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी असा एक रोगी पाहिला. त्याला काहीही विचारा, तो "तां, तां" एवढेच म्हणे. पण विचारलेले त्याला पुष्कळसे कळत असे. हातवारे करून तो उत्तर देई. तो वारल्यावर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात मोठी इजा सापडली. बोलण्याचे ठाणे मेंदूत कुठे आहे, याचा शोध तिथून सुरू झाला.

वाचाघात सगळ्यांना सारखा होत नाही. कोणाला सगळे समजते पण बोलता येत नाही. कोणाची समजही उणावते. कोणी भराभर बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो. कोणाच्या मनात "हो" असते आणि तोंडातून "नाही" निघते. हे शेवटचे नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता कोणी म्हणेल, "बोलता येत नाही ना? मग पाटी-पेन्सिल द्या. लिहून सांगेल." तसे होत नाही. बोलण्याचे शब्द जिथून येतात, लिहिण्याचेही तिथूनच येतात. बोलणे गेले की बहुधा लिहिणे-वाचणेही कोलमडते. मग तो माणूस शिकलेला असो की नसो.

पण एक नवल आहे. ज्याला साधे "पाणी" म्हणता येत नाही, तो कधी कधी अभंगाची ओळ म्हणून दाखवतो. एक, दोन, तीन मोजतो. रागावला तर शिवीही स्वच्छ देतो. घोकून पक्के झालेले आणि सुरात बसलेले शब्द वेगळ्या वाटेने बाहेर येतात. घरच्यांना वाटते, "बघा, गाता येतं, मग बोलायला काय झालं? मुद्दाम करतात." मुद्दाम कोणी करीत नाही.

अशा घरात हळूहळू काय होते ते आम्ही सांगायला नको. पहिला महिना सगळे विचारतात. दुसऱ्या महिन्यात विचारणे कमी होते. मग त्या माणसाच्या समोर, त्याच्या डोक्यावरून बोलणे चालते. "आबांना काय पाहिजे?" हे सुनेला विचारतात. सून तिच्या समजुतीने सांगते. ती वाईट नसते. तिलाही दहा कामे असतात. पण ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याला मात्र कोणी विचारीत नाही.

व्यवसायोपचार म्हणजे काय

दवाखान्यात लुळ्या पडलेल्या माणसावर दोन-तीन तऱ्हेचे लोक काम करतात. एक जण हातापायाचा व्यायाम घेतो, चालायला शिकवतो. दुसरा बोलण्याचे शिक्षण देतो. तिसऱ्याला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात. नाव लांबलचक आहे. दवाखान्यात सगळे नुसते "ओटी" म्हणतात.

व्यवसाय म्हटले की आपल्याला धंदा आठवतो. इथे तसा अर्थ नाही. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत माणूस जे जे करतो, ते सगळे त्याचे व्यवसाय. दात घासणे, अंघोळ, सदरा घालणे, भाकरी थापणे, वैरण टाकणे, नातवाला मांडीवर घेणे, पारावर बसून गप्पा मारणे. आजाराने यातले काय काय हातून सुटले ते पाहायचे, आणि ते परत कसे करता येईल याची वाट काढायची, हे या उपचाराचे काम. कधी अंगाला शिकवायचे, कधी वस्तूच बदलायची. नाडी एका हाताने बांधता येत नाही, तर लेंग्याला इलास्टिक लावायचे. इतके साधेही असते.

आपल्या देशात हा उपचार शिकवणारी पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली निघाली. ती कमलाबाई निंबकर यांनी काढली. त्या जन्माने अमेरिकन. इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणला त्यांच्या नावाची मुलांची शाळा आहे. १९५२ साली या कामाची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता.

या उपचाराची सुरुवात सुईने होत नाही, विचारण्याने होते. "तुम्हाला काय करायचं आहे? कशावाचून अडतं आहे?" उपचार करणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचे नाही, रोग्याच्या मनातले ओळखून चालायचे, अशी ही रीत आहे. कॅनडा देशातल्या व्यवसायोपचारकांनी १९९१ साली तिचे एक पद्धतशीर माप तयार केले. रोगी स्वतःच आपली अडलेली कामे सांगतो. प्रत्येक काम आपल्याला किती मोलाचे वाटते ते एकपासून दहापर्यंतच्या आकड्याने सांगतो. त्यातली फार तर पाच कामे निवडतात. ती कामे आज किती जमतात आणि जेवढी जमतात त्यात मन किती भरते, यालाही दहापैकी आकडे देतात. काही आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा विचारतात. दोन किंवा अधिक गुणांनी आकडा वाढला, तर उपचाराचा खरा उपयोग झाला असे धरतात. हे माप आता पुष्कळ देशांत वापरतात.

रीत चांगली आहे. पण तिच्यात एक मेख आहे. सगळी विचारपूस तोंडी आहे. ज्याचे तोंडच बंद झाले, त्याला कसे विचारायचे?

चटईवर मांडलेले मन

या प्रश्नाची एक चांगली सोडवणूक स्कॉटलंडमध्ये झाली. तिथल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोन मर्फी नावाच्या बाई वाचोपचाराचे काम करीत होत्या. १९९८ साली त्यांनी एक साधन काढले. त्याला "टॉकिंग मॅट्स" म्हणतात. म्हणजे बोलकी चटई. नाव ऐकून यंत्र वाटेल, पण ती साधी खरखरीत चटई असते. वरच्या कडेला तीन चित्रे लावतात. एक हसऱ्या तोंडाचे, एक ना हसरे ना रडवे, एक नाराज. मग एक एक चित्र रोग्याच्या हातात देतात. चालणे, जेवणे, बाजार, शेजारी, असे एकेक. रोगी ते चित्र हसऱ्या तोंडाखाली ठेवतो, नाहीतर नाराज तोंडाखाली, नाहीतर मधे. सगळी चित्रे ठेवून झाली की त्याच्या मनाचा नकाशाच समोर मांडलेला दिसतो. त्याचा फोटो काढून ठेवतात.

आम्हाला यातले मधले चित्र सगळ्यांत मोलाचे वाटते. "हो का नाही?" असे विचारले की माणूस कोंडीत सापडतो. "कळत नाही", "मधलंच आहे", "बघू" हे म्हणायलाही जागा लागते.

आता हे आपल्या घरात कसे दिसेल ते पाहू. पुढची हकिगत समजुतीसाठी रचली आहे. ती कोणा एका घराची नाही.

समजा, एक आबा आहेत. साठी उलटलेली. तीन महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे गेले. "बरं बरं" एवढा एकच शब्द उरला. कशालाही "बरं बरं". व्यवसायोपचार करणाऱ्या बाई घरी आल्या. मुलगा पुढे झाला. म्हणाला, "बाई, आबांचा हात तेवढा चालता करा. शेतावर यायला लागले म्हणजे झालं. बाकी काही नको."

बाई म्हणाल्या, "दादा, तुमचं ऐकलं. आता आबांनाही विचारू."

"आबा काय सांगणार, बाई? त्यांना आता काही समजत नाही."

"बघू तरी."

बाईंनी टीव्ही बंद करायला सांगितला. आबांचा चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर लावला. जमिनीवर घोंगडी पसरून त्या आबांच्या समोर बसल्या. घोंगडी खरखरीत, तिच्यावरून चित्रे घसरत नाहीत. वरच्या कडेला तीन चित्रे ठेवली. तोंडे नव्हती, तांबे होते. एक काठोकाठ भरलेला, एक अर्धा, एक पालथा. "आबा, जे नीट जमतं ते भरल्या तांब्याखाली. अडतं ते अर्ध्याखाली. मुळीच जमत नाही ते पालथ्याखाली."

पहिल्यांदा त्यांनी कामाचे काही विचारले नाही. त्यांनी झोपाळू माणसाचे चित्र दिले. "रात्री झोप लागते का?" आबांनी ते अर्ध्या तांब्याखाली ठेवले. आजी आतून म्हणाली, "खरं आहे हो. मध्यरात्रीच उठून बसतात." बाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा गप्प झाला.

मग एकेक चित्र. चित्र दिले की बाई थांबत. घाई नाही. मनात दहा मोजून होईपर्यंत बोलायचे नाही, असा त्यांचा नेमच होता. वाचाघातात प्रश्न आत जायला आणि उत्तर बाहेर यायला वेळ लागतो. आपण मधेच दुसरा प्रश्न विचारला की पहिला सांडतो. चालण्याचे चित्र आबांनी अर्ध्याखाली ठेवले. दाढीचे पालथ्याखाली. जेवणाचे पालथ्याखाली. नातवाला खेळवण्याचे भरल्याखाली ठेवले आणि जरा हसले. संडासचे चित्र हातात आले, तसे त्यांनी ते उलटे करून मांडीखाली सारले.

बाई काही बोलल्या नाहीत. मुलाला आणि सुनेला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? आजी असू द्या." मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला. आबांनी चित्र काढून पालथ्या तांब्याखाली ठेवले. बाईंनी पाण्याच्या पेल्याचे चित्र दाखवले. आबांनी ते दूर लोटले. तेव्हा आजीच्या ध्यानात आले. आबा दिवसभर पाणी पीत नव्हते. प्यायले की जावे लागते. गेले की सून हाताला धरून नेते, लेंग्याची नाडी सोडते. त्यापेक्षा तहानलेले बरे.

तीन महिने घरातल्या कोणाला हे कळले नव्हते.

दुसऱ्या खेपेला बाईंनी चिंचोके आणले. पालथ्या आणि अर्ध्या तांब्याखालची चित्रे ओळीने मांडली. एकेका चित्रासाठी दहा चिंचोके दिले. "आबा, जे आधी व्हावंसं वाटतं त्याच्यावर जास्त चिंचोके ठेवा." शेताच्या चित्रावर दोन चिंचोके पडले. दाढीवर चार. संडासच्या चित्रावर दहाच्या दहा. कॅनडातले आकडे असे घोंगडीवर मांडता येतात. ज्याला आकडे समजत नाहीत त्याला ढीग समजतो.

जेवणाचे मात्र कोडे होते. बाईंनी डाव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचे चित्र दाखवले. आबांनी ते फेकूनच दिले. डाव्या हाताने भाकरी मोडायची? जन्मात नाही. दवाखान्यातल्या हिशोबाने डावा हात धड आहे तर डाव्याने जेवावे, इतके सोपे आहे. पण डाव्या हाताचे काम काय, हे आपल्या प्रत्येक घरात ठरलेले आहे. बाईंनी दुसरे चित्र केले, डाव्या हातात चमचा. ते आबांनी बराच वेळ धरून ठेवले आणि अर्ध्या तांब्याखाली ठेवले. म्हणजे चमचा चालेल. भाकरीचा काला चमच्याने खाता येतो.

चित्रे संपली. बाईंनी शेवटी एक कोरा कागद पुढे ठेवला. "आबा, यात नसलेलं काही आहे का?" हा कोरा कागद कधीही विसरू नये. आपण काढलेली चित्रे म्हणजे आपल्याला सुचलेल्या गोष्टी. त्याच्या मनातली गोष्ट आपल्याला सुचलीच असेल असे नाही. आबांनी कागदाकडे पाहिले नाही. भिंतीकडे पाहिले. भिंतीवर टाळ टांगलेले होते.

टाळाला दोन हात लागतात. चिपळ्या एका हाताने वाजवता येतात.

पुढे काय काय केले ते थोडक्यात सांगतो. लेंग्याला इलास्टिक लावले. मधे भोक असलेली खुर्ची आणली. डाव्या हाताला धरायला भिंतीत दांडी बसवली. उठायचे कसे, वळायचे कसे, ते बाईंनी रोज शिकवले. एकादशीला आबा देवळात जाऊन बसले. शब्द अर्धेमुर्धे निघाले, पण सूर निघाला. उजवा हात चालू लागला नाही. शेतही दूरच राहिले. मुलाला त्याचे वाईट वाटले, आणि ते वाटणारच.

चित्रही वाचावे लागते

तुम्ही अक्षरे नवी शिकलात. "क" हा क आहे, हे कोणी तरी सांगितल्याशिवाय कळले नाही. चित्राचेही तसेच आहे. चित्र सगळ्यांना आपोआप कळते, असे शिकलेल्या लोकांना वाटते. ते खरे नाही. नुसता हात काढला, तर कोणाला तो तुटलेला हात वाटतो. बाण काढला, तर कोणाला तो धनुष्याचा बाण वाटतो. फुली म्हणजे "नाही", हे शाळेत गेलेल्याला ठाऊक. लाल रंग म्हणजे धोका, हे शहरातल्या रस्त्यावर. आपल्या घरात लाल म्हणजे कुंकू.

म्हणून चित्र काढताना अख्खा माणूस काढावा, आणि तो ते काम करताना काढावा. एका चित्रात एकच गोष्ट असावी. मागे झाडे, डोंगर, कोंबड्या नकोत. रोग्याचे डोळे कोंबडीवरच जाऊन बसतात. रेघा ठळक हव्यात. चित्र पोस्टाच्या कार्डाएवढे असले म्हणजे एका हाताने धरता येते. बाहेरून आलेल्या तयार चित्रांत काटे-चमचे आणि उंच टेबले असतात, ती आपल्या कामाची नाहीत. आपल्या घरातली चूल, आपली मोरी, आपली बाज यांचे मोबाइलवर फोटो काढले तर सगळ्यांत बरे. आणि चित्र मुळीच कळत नसेल तर वस्तूच पुढे ठेवावी. खुरपे, तांब्या, कंगवा, चप्पल. तेही चालते.

मांडायचे कुठे, हेही महत्त्वाचे. अंगावरून वारे गेलेल्या काही जणांना एका बाजूचे दिसत नाही. काहींचे तर त्या बाजूकडे ध्यानच जात नाही. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहते. अशा माणसापुढे चित्रे आडव्या ओळीत मांडली तर एका टोकाची चित्रे त्याच्या लेखी नसतातच. मग ती समोर, एकाखाली एक अशी उभी मांडावीत.

आता ते मघाचे "हो" आणि "नाही". रोग्याने एकदा चित्र ठेवले म्हणजे पक्के झाले, असे धरू नये. उलटे विचारून पाहावे. "आबा, दाढी जमते?" याला मान हलली आणि "दाढी जमत नाही?" यालाही तशीच हलली, तर ते उत्तर नव्हे. शेवटी सगळी मांडणी बोटाने दाखवून सावकाश सांगावी, "तुम्ही असं म्हणालात, बरोबर?" एखादे चित्र हलवायची त्याला संधी द्यावी. दुसऱ्या दिवशी, ताजेतवाने असताना, मोजकी चित्रे पुन्हा विचारावीत. दमलेल्या माणसाला विचारूच नये. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. घरातली बाई अशी आजारी पडली की सगळे धरूनच चालतात, तिला परत चुलीपुढे बसायचे असणार. तिला विचारा. ती स्वयंपाकाचे चित्र "नको" मधे ठेवील आणि माहेरी जाण्याचे चित्र पहिले उचलील, असेही होईल. पण सासऱ्यासमोर विचारले तर ती अंघोळीचे चित्र हातातही धरणार नाही. तिला बाईमाणसाने, दार लावून विचारावे. नवऱ्यानेही त्या वेळी बाहेर बसावे.

आणखी एक बजावून सांगतो. ही चित्रे रोजच्या जगण्याची विचारपूस करण्यासाठी आहेत. "आबांनी चित्र हसऱ्या तोंडाखाली ठेवलं, म्हणजे जमीन माझ्या नावावर करायला त्यांची संमती आहे," असे कोणी म्हणू लागले, तर ते ऐकू नये. सातबारा, बँक, मृत्युपत्र यांचे कायदे निराळे आहेत. लुळ्या हाताचा अंगठा धरून कागदावर टेकवणे ही फसवणूक आहे.

पण कायदा रोग्याच्या बाजूचाही आहे. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. वाचाघाताने कायमचे गेलेले बोलणे हे त्यात दिव्यांगत्व म्हणून धरले आहे. आणि माणसामाणसांतला संवाद कशाला म्हणायचे, हे सांगताना त्या कायद्याने बोलण्या-लिहिण्याबरोबर खुणा आणि डोळ्यांना दिसणारी साधनेही मोजली आहेत. तेव्हा दवाखान्यात कोणी म्हणाले, "चित्रं कसली दाखवता, यांच्या मुलालाच विचारतो," तर आपण नम्रपणे पण ठामपणे म्हणावे, "साहेब, दोन मिनिटं यांनाही विचारा."

पुन्हा विचारणे

एकदा विचारून काम संपत नाही. सहा आठवड्यांनी घोंगडी पुन्हा पसरावी. तीच चित्रे, तेच तांबे, तेच चिंचोके. आबांच्या घरी तेव्हा संडासचे चित्र पालथ्या तांब्याखालून निघून अर्ध्याखाली आले. पाण्याचा पेला आबांनी स्वतःच उचलून भरल्याखाली ठेवला. आणि ज्या शेताच्या चित्रावर पहिल्या खेपेला दोनच चिंचोके होते, त्याच्यावर त्यांनी सात ठेवले. माणसाचे मन असे हलते. एक अडचण उतरली की तिच्यामागची दुसरी दिसू लागते. मुलगा लगेच म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो की नाही?" बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणत होतात, दादा. पण आता आबा म्हणताहेत."

मग शेताचे बोलणे सुरू झाले. कुदळ मारणे नव्हे. बांधापर्यंत जाऊन बसणे, राखण करणे, पाण्याची पाळी बघणे. यातले काय हवे, त्याची बाईंनी नवी चार चित्रे काढली.

ही चित्रे जपून ठेवावीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात नकोत, उंदीर खातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत. प्रत्येक खेपेला मांडणीचा फोटो काढावा. फोटो काढणारा कोणी नसेल, तर चित्राच्या पाठीमागे तारीख घालावी, कोणत्या तांब्याखाली ठेवले ते लिहावे, आणि किती चिंचोके पडले तो आकडा लिहावा. एवढे लिहायला तुम्हाला आता कोणाची गरज नाही. दवाखान्यात जाताना केसपेपरबरोबर ती पिशवीही न्यावी, आणि डॉक्टरांच्या टेबलावर नव्हे, आबांच्या मांडीवर ठेवावी.